आमची वाटचाल : हेडसेट, कवळी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

पेशंट सांभाळणाऱ्या मावशींना कूस बदलून देणं, स्पंजिंग, डायपर, बीपी-शुगरची नोंद हे सगळं शिकवलं जातं. तोंडाचा विषय मात्र ‘सकाळी ब्रश करून देणे’ एवढ्या एका ओळीत उरकतो. मावशींना तोंडाची निगा शिकवणारी आमची छोटी कंपनी त्या एका ओळीसाठी उभी आहे. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाच्या तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांचा अभ्यास आला होता. दोन वर्षांत, जेवणानंतर रोज तोंड नीट साफ करून दिलेल्यांपैकी ११ टक्के जणांना न्यूमोनिया झाला. तसं न केलेल्या गटात १९ टक्के जणांना. आमच्या प्रत्येक वर्गाची सुरुवात याच आकड्यांनी होते, कारण ब्रश हा फक्त दातांसाठी नाही हे एकदा पटलं की पुढचं शिकवणं सोपं जातं.

पहिलं साधन होतं ३६० अंशांचा व्हिडिओ. हेडसेट म्हणजे डोळ्यांवर चढवायचा पडदा, ज्यात चारही बाजूंना चित्र दिसतं (व्हीआर). तो घालणारी मावशी पलंगावरच्या आजींच्या जागी असते: वर पंखा, कडेला सलाइनचा स्टँड, आणि काही न बोलता डोक्यामागून उतरणारा हात, हातात ब्रश. दीड मिनिटाचा हा तुकडा आजही आम्ही आधी दाखवतो. मागून येऊन हनुवटी धरली की आजी तोंड का मिटतात, हे त्यानंतर वेगळं समजावावं लागत नाही. एक पथ्य मात्र कडक आहे. चित्रातलं माणूस आडवं असेल, तर बघणारीही आडवीच हवी. डोळ्यांना आडवं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला बसलेलं वाटलं, की मळमळतं. म्हणून वर्गाच्या खोलीत पलंग किंवा मागे रेलता येणारी खुर्ची आम्ही आधीच मागून घेतो. चित्रांचा वेग सेकंदाला ७२च्या खाली येऊ देत नाही. त्यासाठी, पुढे संगणकाने घडवलेल्या प्रसंगात, खोलीतलं सामान कमी केलं, सावल्या आधीच रंगवून ठेवल्या आणि यंत्राची सगळी ताकद आजींच्या चेहऱ्यावर खर्च केली.

व्हिडिओ उत्तर देत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाशी वागण्याचं शिक्षण तर पूर्णपणे उत्तर-प्रत्युत्तरावर चालतं. त्यामुळे पुढचा टप्पा संगणकाने घडवलेल्या आजींचा. इथे हेडसेटचा खरा उपयोग दिसतो, कारण शिकणारीचं डोकं किती उंचीवर आहे आणि ती कुठल्या बाजूने आली, हे यंत्राला सतत कळत असतं. उभ्याने वाकून बोललात, तर आजी अस्वस्थ होतात, मान फिरवतात. समोर बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन, नाव घेऊन ‘आजी, तोंड धुऊ या ना’ म्हटलंत, तर त्या बघतात. मग दुसरा ब्रश त्यांच्या हातात द्यायचा. त्यांच्या हातावर आपला हात ठेवून सुरुवात त्यांनाच करू द्यायची. तरीही नकोच म्हणाल्या, तर थांबायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत यायचं, किंवा दुसऱ्या मावशीला पाठवायचं. थांबण्यालाही आम्ही पूर्ण गुण देतो. ब्रश दातांत घट्ट पकडला, तर ओढायचा नाही. जबडा सैल पडेपर्यंत धीर धरायचा, गालावरून हलका हात फिरवायचा. आणि बोट दातांच्या मध्ये कधीही घालायचं नाही. चाव्याचा हा प्रसंग खऱ्या माणसावर शिकवताच येत नाही. हेडसेट त्यासाठीच आहे.

ब्रश फिरवायला मात्र आम्ही हेडसेटमध्ये शिकवत नाही, आणि याबाबत गिऱ्हाइकाचा आग्रह असला तरी नाही म्हणतो. हेडसेटबरोबर हातात धरायचा कंट्रोलर ब्रशच्या दांडीपेक्षा जाड आणि जड असतो, त्यामुळे मनगटाला चुकीचं वळण लागतं. कंट्रोलर न घेता नुसत्या हातांनी काम करावं, तर एका हाताने गाल बाजूला आणि दुसऱ्याने ब्रश अशी वेळ येते. एक हात दुसऱ्याला झाकतो आणि हेडसेटच्या कॅमेऱ्यातून तो हरवतो. म्हणून टेबलावर जबड्याचं मॉडेल, मऊ दात्यांचा खरा ब्रश आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. काट्यावर ब्रश दाबून १५० ते २०० ग्रॅमचा अंदाज हाताला बसवायचा. बहुतेक जणी सुरुवातीला याच्या कितीतरी वर दाबतात, आकडा बघून आपणहून हात हलका करतात. मग हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत ब्रश टेकवून छोट्या हालचाली. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू हमखास राहते, तेवढं वेगळं तपासतो.

टूथपेस्ट मटाराएवढी, थुंकता येत नसेल तर नुसता पुसट थर, फेस न होणारी, आणि ब्रश ओला करून झटकलेला. तोंडात पाणी जितकं कमी, तितका ठसक्याचा धोका कमी. डोक्याकडची बाजू उचललेली, हनुवटी किंचित छातीकडे. लकवा झालेल्यांना कुशीवर घ्यायचं असेल, तर लकव्याची बाजू वर, म्हणजे लाळ चांगल्या बाजूला गोळा होते आणि पुसता येते. क्लोरहेक्सिडिन हे तोंडाचं जंतुनाशक डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर टूथपेस्टनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. लगेच वापरलं तर त्याचा परिणाम घटतो. दांडीला स्पंज लावलेले स्वॅब मिळतात, त्यांचा बोळा सुटून घशात अडकू शकतो. आम्ही ते शिकवत नाही. मऊ ब्रश आणि बोटाला गुंडाळलेलं ओलं गॉज पुरतं, गॉजचं बोट मात्र फक्त गाल आणि ओठांच्या आतल्या बाजूला.

कवळीसाठी अर्धा तास राखून ठेवतो. घमेल्यात पाणी भरून किंवा खाली टॉवेल अंथरून त्यावरच धुवायची, कारण निसटली की तुटते. टूथपेस्टने घासली तर ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. साधा पातळ साबण आणि वेगळा ब्रश घ्यायचा. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. धातूचा भाग असेल, तर ब्लीच अजिबात नको. रात्री काढून पाण्यात. जपानमधल्याच ८५ वर्षांपुढच्या लोकांच्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका साधारण दुप्पट आढळला. वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते, म्हणून डब्यावर नाव पुरत नाही. कवळीवरच खूण करून घ्यायला सांगतो.

तोंड तपासायला आठ मुद्द्यांचा तक्ता वापरतो: ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता, दुखणं. प्रत्येकाला ०, १ किंवा २. हा भाग हेडसेटमध्ये फक्त क्रम पक्का होण्यापुरता. रंगाची ओळख छापील फोटोंवर, खिडकीच्या उजेडात, कारण पडद्यावर लालसर आणि पांढुरका रंग भरवशाचा दिसत नाही. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण अनेक आज्यांना आयुष्यभर मशेरीची सवय असते. गॉजने पुसून न जाणारा पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, की दातांच्या डॉक्टरांना दाखवायचीच. सुपारी-गुटख्याने गाल आखडलेल्या आजोबांचं तोंड उघडतच नाही. त्याला हट्ट समजून जोर लावू नये, हे आम्ही वर्गात दोनदा सांगतो.

हेडसेटचा संसारही सांभाळावा लागतो. अंबाडा असेल तर मागचा पट्टा बसत नाही, वेणी पुढे घ्यायला लावतो. कुंकू, काजळ आणि घाम फोममध्ये मुरतो, म्हणून पुसता येणारं रेक्झिनचं आवरण आणि प्रत्येकीला कागदी मास्क. भिंगांवर स्पिरिट नाही, कोरडं मायक्रोफायबर फक्त. खिडकीत उन्हात ठेवलेला हेडसेट पडदा जाळून घेतो. चार्जिंग दोनेक तास टिकतं, त्यामुळे एकीची पाळी दहा मिनिटांची, बाकी वेळ टेबलावर. आवाज मराठीत आणि हिंदीत, लेखी सूचना शून्य. वाचता न येणाऱ्या मावशींची अडचण कुठेच होऊ नये असा आमचा हट्ट आहे.

सध्या रायल्स ट्यूबच्या, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीच्या, रुग्णाचा प्रसंग बांधतो आहोत. नळीतून खाणं जातं म्हणजे तोंड वापरात नाही, मग साफ कशाला, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात चघळणं बंद झालं की लाळ कमी सुटते, टाळूवर सुकलेल्या खपल्या चढतात. त्या कोरड्या ओढल्या तर रक्त येतं. आधी जेलने मऊ करायच्या, काही मिनिटं थांबायचं, मग मऊ ब्रशने मागून पुढे, आणि सुटलेला प्रत्येक तुकडा बाहेर काढायचा. त्या काही मिनिटांचं थांबणं प्रसंगात किती खरं ठेवायचं, यावर आमचं काम चालू आहे.