मऊ म्हणजे कसला मऊ?

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ माझं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. येणारी कामं ठरलेली: जन्मदाखले, प्रतिज्ञापत्रं, व्हिसासाठी लग्नाचा दाखला. डोकं फारसं लावावं लागत नाही. त्यामुळे २०२४च्या मार्चमध्ये निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार चार पानी इंग्रजी कागद घेऊन आले, तेव्हा संध्याकाळी देते म्हणून मोकळी झाले.

कागद नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराचा. कंटेनर उघडल्यावर तिथल्या तपासनिसाने केलेला अहवाल. थॉमसन द्राक्षं, आकार, साखर, सगळं ठीक. दोषांच्या तक्त्यात मात्र एकच शब्द तीनदा: सॉफ्ट. त्याच्यावर बोट ठेवून निर्यातदाराने यांचे पैसे कापले होते. मी लिहिलं, ‘मणी मऊ’. पाचवीतल्या पोरालाही जमेल असं भाषांतर.

संध्याकाळी त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. “ताई, मऊ म्हणजे कसला मऊ?”

“मऊ म्हणजे मऊ, भाऊ. कडक नाही तो.”

काही न बोलता ते खाली गेले, पिकअपमधून पिशवी आणली आणि माझ्या टाइप केलेल्या पानावरच तीन मणी मांडले.

“दाबा.”

पहिला घडाच्या शेंड्याचा. आत गर आहे की नुसतं पाणी, कळेना. चव पाणचट, आंबूस. “ही वॉटर बेरी. पिळपिळीत. हे बागेतच होतं, खतापाण्याचं गणित चुकलं की. ही असली तर चूक माझी.”

दुसरा दोन दिवस डॅशबोर्डवर राहिलेल्या घडातला. साल सैल, देठाच्या बाजूला बारीक सुरकुत्या, पण चवीला गोड. “हा लुळा पडलाय. पाणी उडालं. आधी देठ तपकिरी होतो, मग मण्याचा नंबर लागतो. हे पॅकहाउसपासून जहाजापर्यंत कुठंही होतं, गारवा तुटला की.”

तिसरा मी दाबलाच नाही. साल आपणहून सुटत होती. “लिबलिबीत. कूज लागली. आता सांगा, तुमचा सॉफ्ट यातला कुठला?”

मला सांगता येईना. वर त्यांनीच आणखी एक मऊ पुढे केला. कडक हिरव्या मण्यात पाणी उतरतं, तो नरम पडतो आणि साखर भरायला लागते. त्याला इंग्रजीत बेरी सॉफ्टनिंग म्हणतात. म्हणजे बागेत ज्या शब्दाची वाट बघायची, त्याच शब्दावर रॉटरडॅमला पैसे कापून घ्यायचे.

मी शब्दकोश उघडला. इंग्रजीतही शब्दांचा दुष्काळ नाही. आतला ताण गेलेला तो फ्लॅसिड, लगदा झालेला मशी, सैल लोंबता फ्लॅबी. टेंडर हा कौतुकाचा, मुरलेल्या मटणाला शोभणारा. तपासनिसाने यातलं काहीच न घेता सगळ्या भांड्यांवर बसेल असं झाकण उचललं होतं. आपल्याकडे असं निभत नाही. माती भुसभुशीत, गवत लुसलुशीत, आणि माझी आजी तर मऊ भात आणि गिच्च भात यांवरून सुनेशी भांडायची.

त्यांचं म्हणणं, ‘सुकून मऊ’ लिहा. मी नाही म्हणाले. कागदात नाही ते मी घालू शकत नाही.

“मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं, असं चाललंय त्यांचं,” ते चिडून म्हणाले. राग रास्त होता, पण शब्द माझ्या हातात नव्हता.

ते गेल्यावर अहवाल पुन्हा वाचला आणि माझीच चूक सापडली. तक्त्याचे दोन भाग होते, क्वालिटी आणि कंडिशन. मी दोन्हीकडे ‘दर्जा’ ठोकून दिला होता. आकार, रंग, डाग हे पहिल्या भागात. बागेतून निघताना जसे, तसेच पोहोचणारे. वाटेत वाढत जाणारे दोष दुसऱ्यात. सॉफ्ट दुसऱ्यात होता, आणि त्याच्याच खालच्या ओळीत ड्राय स्टेम्स. ‘देठ सुके’ लिहून मी सरळ पुढे गेले होते! त्यातून त्या हंगामात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. माल जास्त दिवस पाण्यावर.

यातून सिद्ध काहीच होत नव्हतं. मी मथळे बदलले: ‘मूळ गुणवत्ता’ आणि ‘पोहोचतेवेळची अवस्था’. मऊ मऊच ठेवला. सोबत त्यांच्या नावाने इंग्रजीत एक पत्र लिहून दिलं: फोटो पाठवा, आणि मणी फ्लॅसिड, वॉटरी की मशी, ते कळवा.

निर्यातदारामार्फत नऊ दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ: मणी हाताला सॉफ्ट लागतात. धन्य! पण सोबत दोन फोटो होते, आणि त्यांत देठ खराट्याच्या काड्यांसारखे तपकिरी.

कापलेल्यातले काही पैसे परत मिळाले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फी दिली आणि वर द्राक्षांची एक पेटी ठेवून गेले. ती उघडल्यावर मी आधी देठ बघितले.