पोर्ट 70, मुक्काम सांगली

गोफर म्हणजे इंटरनेटवरून मेनू आणि मजकूर मागवायची वेबच्या सुरुवातीच्या काळातली जुनी पद्धत, आणि त्याच्याशी बोलायला ब्राउझरसुद्धा लागत नाही. टर्मिनल उघडायचं, नेटकॅट नावाच्या छोट्या प्रोग्रामनं सर्व्हरच्या 70 नंबरच्या पोर्टला, म्हणजे गोफरच्या ठरलेल्या दाराला, जोडायचं आणि नुसता एंटर मारायचा, समोरून मेनू येतो आणि लाईन कट. पुढचं काही हवं असेल तर परत जोडा, फाईलचा पत्ता टाका, एंटर, मजकूर येणार, शेवटच्या ओळीत एकटाच डॉट, परत कट. कुकी नाही, लॉगिन नाही, 'आम्हाला तुमच्या प्रायव्हसीची काळजी आहे' वगैरे गोडगोड बोलणं नाही. पुराच्या दिवसात आमच्याकडं लोक फोनवर बोलतात ना अगदी तसं, "किती?" "एक्केचाळीस." ठेवला.

तर असल्या गोफरचा सर्व्हर मी सध्या रात्री जेवण झालं की लिहीत बसतो. हे प्रकरण 1991 चं, अमेरिकेतल्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीत मार्क मॅककेहिल आणि त्यांच्या टीमनं काढलेलं, आणि सुरुवातीला वेबपेक्षा जोरात चाललेलं. मग 1993 मध्ये युनिव्हर्सिटीनं जाहीर केलं की आमचं सर्व्हर सॉफ्टवेअर वापरायला काही जणांकडून लायसन्स फी घेणार, आणि त्याच वर्षी 30 एप्रिलला सर्ननं, म्हणजे वेब जिथं जन्मलं त्या युरोपातल्या संशोधन संस्थेनं, वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट खुलं करून टाकलं. लोक काय करणार, गेले तिकडं. नुसत्या फीमुळं गोफर मेला असं मला वाटत नाही हां, वेबवर मजकुरातच लिंक आणि शेजारी फोटो, त्यापुढं ही नुसती मेनूची यादी, कधीतरी हरणारच होती.

पण हरलेल्या गोष्टीवर काम करण्यात एक सुख आहे, ती आता बदलत नाही. गोफरचे नियम लिहिलेला कागद म्हणजे आरएफसी 1436, मार्च 1993, चहा पितापिता वाचून होतो. दिवसा ऑफिसात ज्या लायब्ररीवर काम करतो तिचं नवीन व्हर्जन आलं की निम्मा आठवडा त्यातच जातो, आणि इथं तीस वर्षांपूर्वीचा कागद समोर ठेवून लिहिलेला कोड आजही बरोबर चालतो, सगळा प्रोटोकॉल एका डोक्यात मावतो. मेनूची एक ओळ म्हणजे काय, तर पहिलं अक्षर प्रकाराचं, 0 म्हणजे टेक्स्ट फाईल, 1 म्हणजे आतला मेनू, 7 म्हणजे सर्च, लगेच दिसायचं नाव, मग टॅब, पत्ता, टॅब, होस्ट, टॅब, पोर्ट. मजकुरातलीच ओळ डॉटनं सुरू होत असेल तर पुढं अजून एक डॉट लावायचा, नाहीतर क्लायंटला वाटणार संपलं. पत्त्यात कोणी दोन डॉट आणि स्लॅश घालून फोल्डरच्या बाहेर घुसायला बघतंय का ते तपासायचं, 70 नंबरला बसायला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, लागतो तर बसल्या बसल्या रूटचे अधिकार सोडून द्यायचे. बास, एवढं झालं की चालू होतंय.

खरी मजा मराठीत आहे. दिसायचं नाव 70 अक्षरांच्या आत ठेवा असं आरएफसी सांगतो, पण अक्षर म्हणजे काय हे त्यांच्याकडं सोपं होतं. 'सांगली' डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडला, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीला, सहा, आणि ती साठवायच्या यूटीएफ-8 पद्धतीत बाइट मोजले तर 18. जुन्या पद्धतीनं बाइट मोजून ओळ कापायला गेलं की एखादी वेलांटी मधोमध चिरते आणि चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. म्हणून तोडायचं तर स्पेसवरच तोडायचं, ओळ जरा आखूड झाली तर होऊ दे.

आणि यावर ठेवायचं काय, तर पहिली फाईल सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची. इशारा पातळी 40 फूट, धोका 45, हे सांगलीत पोराटोरांना पाठ आहे, 2019 ला 57 च्या वर गेलेलं कोण विसरतंय. पाऊस लागला, लाईट गेली, मोबाईलला जेमतेम एक कांडी रेंज, तेव्हा माणसाला एकच आकडा पाहिजे असतो आणि पेज मात्र आधी जाहिरात लोड करत बसतं. 'आयर्विन 40 फूट' गोफरवर शेवटच्या डॉटसकट 39 बाइटमध्ये जातं. आता गोफर लिंक्स (Lynx) नावाच्या नुसता मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये अजून उघडतो पण फायरफॉक्सनं 2011 मध्येच काढून टाकलाय, त्यामुळं पुरात अडकलेला माणूस टर्मिनल उघडून बसणार आहे का, हा प्रश्न कृपया विचारू नये.

आईनं विचारलाच होता, जरा वेगळा. "ह्यात फोटू न्हाईत व्हय?" नाहीत म्हटलं. "मग लोकं बघत्यात काय?"

बाहेरून कोणाला दिसावं म्हणून घरच्या फायबरला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, मागितला तर नेटवाला पोरगा म्हणतो, "सर, स्पीड येतंय नव्हं? मग आयपी कशाला पायजे?" शेवटी भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला.

राहिलाय तो सर्च, टाईप 7. तो 'कऱ्हाड'वर अडलाय. हा अर्धा र कीबोर्डाप्रमाणं वेगवेगळा उमटतो, कोणाचा नुक्ता असलेल्या र ला हलन्त लावून, कोणाचा साध्या र् पुढं झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह घालून, स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे आणि बाइटमध्ये एकमेकांची ओळख नाही. सारखी अक्षरं एका रूपात आणायच्या नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशननं पण ते एक होत नाहीत, त्याला आपलंच टेबल लिहावं लागणार. ते होईपर्यंत मेनूत वरतीच ओळ टाकून ठेवलीय, कऱ्हाड शोधायचं असेल तर नुसतं 'हाड' टाका.