जिप्सी दोन इंच उचलली, पण शॉकअपच्या मापाने जीव खाल्ला

लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, विकणाऱ्याला काहीही विचारा, तो सांगेल. रंग कुठले, हप्ते किती, पार्सल घरपोच का, सगळं तोंडपाठ. फक्त शॉकअप पूर्ण उघडल्यावर किती लांब आणि पूर्ण दाबल्यावर किती, एवढं विचारू नका. माझा अख्खा उन्हाळा या दोन आकड्यांपायी गेला आणि अजून डोकं गरम आहे, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी जुनी जिप्सी किंग, १३०० सीसीची, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे, म्हणजे एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगा. शेत चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात त्या शिवरस्त्याने मोटारसायकलही जाते. पाऊस लागला की काळ्या मातीत ट्रॅक्टर एवढे खोल चाकोरे पाडतात की मधल्या उंचवट्यावर डिफरन्शियल, म्हणजे अॅक्सलवरचा फुगीर गोळा, घासत जातं. पुढे नाला, त्यात गोटे.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण विकणारे ती सांगत नाहीत. पाट्यांची उंची वाढवली की चेसिस वर जाते, अॅक्सल आहे तिथेच राहतो. डिफरन्शियल वर न्यायचं तर टायरच मोठा लागतो. किंगचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५, उंची साधारण ६६८ मिमी. २१५/७५ घातला तर ७०३, म्हणजे डिफरन्शियल जेमतेम १८ मिमी वर. २३५/७५ घातला तर ७३३, म्हणजे ३३ मिमी वर. पण त्या टायरने स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा नऊ-दहा टक्के कमी दाखवतो आणि चढावर एवढ्याशा इंजिनाचा दम निघतो. मी २१५ वर थांबलो. खचलेल्या पाट्यांवर तोही खड्ड्यात आत घासत होता, म्हणून लिफ्ट.

स्वस्तातले पर्याय पटापट बाद झाले. पिकअपला घालतात तसा ठोकळा जिप्सीला चालत नाही, कारण हिचे पाटे अॅक्सलच्या खाली असतात, मध्ये ठोकळा घातला तर गाडी उलट खाली बसेल. लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी पट्टी) सगळ्यात स्वस्त, पण दोन इंच उंची हवी तर शॅकल मूळपेक्षा जवळजवळ चार इंच जास्त लांब लागतो. पुढे तो लावला की कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, मग वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी पोहत चालते. अॅक्सल पाट्यांच्या खाली घ्यायचा म्हटलं तर पाच इंचांच्या वर उंची मिळते, पण वेल्डिंग, स्टेअरिंगची लिंक, ब्रेकचे होज, सगळंच बदलावं लागतं. शेतावर जायला एवढं कशाला? उरलं तयार किट: चार पाटे, चार शॉकअप, बुश (सांध्यांतले रबर), यू-बोल्ट (पाटा अॅक्सलला आवळणारे). दोन इंच.

आता त्या दोन आकड्यांचं. शॉकअप नुसता लांब असून भागत नाही. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की तो पुरेसा उघडला पाहिजे, नाहीतर चाकाचं सगळं वजन शॉकअपच धरून ठेवतो आणि एक दिवस त्याचा डोळा (टोकाची कडी) तुटतो. चाक दगडावर चढून वर गेलं की अॅक्सल बंप स्टॉपच्या, म्हणजे चेसिसवरच्या थांब्याच्या, रबराला टेकायच्या आधी शॉकअप आतून संपता कामा नये. संपला तर रॉड वाकतो किंवा चेसिसवरचं ब्रॅकेट उपटून येतं. उघडं माप आणि दाबलेलं माप, दोन्ही लागतात.

विक्रेता मोठ्या शहरातला, नाव घेत नाही. फोनवर पहिलं उत्तर, "सर, जिप्सी ना? मग बसतंच." मी म्हटलं, बसेल हो, पण माप सांगा. "सर, दोन इंच लिफ्ट." ते किटचं झालं, शॉकअपचं सांगा. "कॅटलॉग पाठवतो." व्हॉट्सअॅपवर आला पिवळ्याधमक शॉकअपचा फोटो, मागे धबधबा. दुसऱ्या दिवशी फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. मग गोडाउनला माणूस पाठवलाय. मग माणूस आला, पण गोडाउनची किल्ली दुसऱ्याकडे. मध्येच, आज अॅडव्हान्स टाकला तर डिलिव्हरी फ्री. मी विचारलं, "दुकानात टेप आहे का?" तर म्हणे, "आहे ना सर, का?"

शेवटी काउंटरवरच्या एका पोराने फोटो पाठवला, टेप लावून. मला एवढा आनंद झाला की बायकोला बोलावून दाखवला. तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "अहो, हे तर खोकं मोजलंय." खरंच, टेपच्या एका टोकाला पुठ्ठ्याची घडी आणि चिकटपट्टी दिसत होती. त्या पोराला दोष देत नाही, त्याला कुणी समजावलंच नसणार. पण बाकीच्यांना काय झालं होतं? चौकशी करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच किट दाखवत होते आणि एकानेही शॉकअप एकदा दाबून टेप लावला नव्हता.

या वाट पाहण्यात एक काम मात्र मी उरकलं. अॅक्सल वर कुठे थांबणार हे बंप स्टॉप ठरवतो, आणि पाटे बदलले तरी बंप स्टॉप चेसिसवर जागच्या जागी असतो. म्हणजे दाबलेल्या मापाची मर्यादा जुन्या पाट्यांवरही मोजता येते, किटची वाट बघायची गरज नाही. शॉकअप काढला, एक चाक खळ्याच्या ओट्यावर चढवलं, रबर आणि अॅक्सल यांच्यात बोटभर फट राहिली. मग शॉकअपच्या वरच्या बसणीपासून खालच्या बसणीपर्यंत टेप धरला आणि ती बोटभर फट वजा केली. तसंच पुढे. दोन्ही आकडे डॅशबोर्डवर खडूने लिहून ठेवले. ते इथे मुद्दाम देत नाही, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा.

खरं माप आलं ते माझा आवाज चढल्यावर. त्यांचा मागचा शॉकअप पूर्ण दाबूनही माझ्या आकड्यापेक्षा इंचभर लांब! सांगितलं तर उत्तर, "सर, बंप स्टॉप खाली घ्या." म्हणजे ज्या हालचालीसाठी पैसे मोजायचे, तीच आपल्या हाताने कापायची. किट रद्द. अॅडव्हान्स दिला नव्हता, हे बरं. मापाशिवाय तुम्हीही देऊ नका.

पुढचं काम धुळ्याला झालं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे तिथे भेटतात, त्यामुळे ट्रकचे पाटे करणाऱ्यांना तोटा नाही. त्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली वाकून हात फिरवला. "भाऊ, हाऊ पाटा मरेल शे," म्हणाले, म्हणजे पाटा मेलाय. मूळ कमानच बसली होती, म्हणजे मला हव्या असलेल्या उंचीतली बरीचशी नवीन नव्हेच, गेलेली परत आणायची. त्यांनी पाटे उकलले, घासले, कमान दिली आणि प्रत्येकात एक जादा पान घातलं. नवीन सेंटर बोल्ट, नवीन यू-बोल्ट, बुश. जुने यू-बोल्ट परत लावू देऊ नका, ते ताणलेले असतात. नुसती कमान देऊन घेतली तर पाटा काही दिवसांत परत बसू लागतो, म्हणून जादा पान. रिकामी गाडी थोडी उडते, ते सहन करायचं. किटच्या निम्म्याहून कमी पैशात झालं.

शॉकअप सगळ्यात शेवटी घेतले. नवे पाटे बसल्यावर चेसिसला जॅक लावला, चाक लोंबकळू दिलं आणि उघडं माप घेतलं. मग जळगावात एका पार्टवाल्याच्या काउंटरवर शॉकअप उभा धरून दाबला आणि टेप लावला. त्याने काही न विचारता टेप स्वतःच काढून दिला. या एका गोष्टीसाठी तो माणूस मला आवडला. दोन्ही टोकांना डोळा आहे की पिन, तेही जुना शॉकअप शेजारी ठेवून पाहून घ्या.

कायद्याचं राहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. कलम १८२अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला आरटीओत गाडी तपासतात, तेव्हा कापाकापी आणि वेल्डिंग लगेच डोळ्यात भरते. माझं सगळं बोल्टवर आहे, जुने शॉकअप माळ्यावर आहेत. तरी बदल तो बदलच, कुणी 'चालतं हो' म्हणालं तर त्याच्या भरवशावर राहू नका.

ब्रेकचे होज चाक लोंबकळताना ताणतात का, तेही बघा. माझ्या पुढच्या उजव्या होजला अर्धं बोट ढील उरत होती, मी लांब टाकून घेतला. कामानंतर अलाइनमेंट कराच. शे-दोनशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट परत आवळा. आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना घट्ट करू नका, चारही चाकं जमिनीवर टेकवून मगच आवळा, नाहीतर बुश पिळलेलेच राहतात आणि महिन्याभरात फाटतात.