पाय भाजायला ठेवलाय

पुण्याहून मावशीचा फोन आला तेव्हा आम्हा तिघींचेही हात पिठात होते. लेकीने कोपराने फोन स्पीकरवर टाकला आणि आपल्या न्यू जर्सी मराठीत सांगून मोकळी झाली, "मावशीआजी, आम्ही पाय करतोय. एक भाजायला ठेवलाय, दुसरा लाटतोय."

पलीकडे शांतता. मग सावध आवाजात, "अगं, धुळवड काल झाली. आज शनिवार! आणि तुम्ही कधीपासून खायला लागलात?"

तिला समजावता समजावता पुरेवाट झाली. हा पाय म्हणजे शाळेतला, परीघ भागिले व्यास, साधारण ३.१४ तो. इकडे तारखेत महिना आधी लिहितात, म्हणून १४ मार्च होतो ३/१४. आणि इंग्रजीत खायच्या 'पाय'चा उच्चारही तोच, म्हणून त्या दिवशी सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोल पाय करून खायचा. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने ही गंमत सुरू केली. पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने चक्क तिच्या पाठिंब्याचा ठराव केला.

"म्हणजे नुसत्या कोटीवर उभा केलेला सण," मावशी म्हणाली. अगदी तसंच. सुट्टी मात्र मिळत नाही, म्हणून २०२५ मधला आमचा शुक्रवारचा सण शनिवारवर गेला होता. लेकीच्या मते त्यात काहीच चुकत नव्हतं, कारण ३.१४ च्या पुढचे आकडे एक आणि पाचच आहेत.

आईला वेगळीच काळजी. "नैवेद्य कोणाला दाखवायचा?"

"आइन्स्टाइनला," लेक म्हणाली. "त्याचा बर्थडे असतो ना १४ मार्चला."

आईने मान डोलावली. तिला सण म्हटला की कोणीतरी जेवायला बसलेलं लागतं, मग ते कोणी का असेना.

खरी पंचाईत झाली पिठाशी. पायचं पीठ भिजवायचं ते करंजीच्या बरोब्बर उलट. करंजीला आपण मोहन कडकडीत तापवून घालतो. इथे लोणी फ्रीजमधून काढलेलं, दगडासारखं. त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे मैद्यात तसेच राहिले पाहिजेत आणि पाणीसुद्धा बर्फाचं. ओव्हनमध्ये त्या तुकड्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. हे सगळं मी पहिल्या पायच्या वेळी, मावशीच्या फोनच्या आधीच, आईला नीट सांगितलं, दुसराच एक फोन आला म्हणून वळले, आणि परत येऊन बघते तर गोळा तुळतुळीत! चांगला दहा मिनिटं मळून, वर ओलं फडकं झाकून ठेवलेला.

"आई, मळायचं नव्हतं गं."

"मळायचं नाही तर काय नुसतं कुरवाळायचं?"

त्या गोळ्याचा पाय सुरीलाही दाद देईना. कडा मोडून आम्ही त्या चहात बुडवून खाल्ल्या.

दुसऱ्या पायच्या वेळी शेजारच्या आजीबाई मदतीला आल्या. तळाची पोळी भांड्यापेक्षा चांगली दोन-तीन इंच मोठी लाटायची, ती ओढून-ताणून बसवली तर भाजताना आक्रसते, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' याचा असा शब्दशः अर्थ मला चाळिशीत कळला. आत ग्रॅनी स्मिथची हिरवी आंबट सफरचंदं, साखर, दालचिनी. वरची पोळी घातल्यावर आजीबाई काट्याने कडा दाबायला लागल्या, तशी आईने त्यांचा हात हलकेच बाजूला केला. अंगठ्याने चिमटीभर कड उचलायची, आत दुमडायची, पुन्हा उचलायची. नऊ इंची भांड्याची अख्खी कड तिने करंजीसारखी मुरड घालून फिरवली. दोन मिनिटंही लागली नसतील. आजीबाई नाकावरचा चष्मा सावरत वाकून बघत होत्या. मग त्यांनी काटा सिंकमध्ये टाकला.

तोवर लेक रिकाम्या भांड्याभोवती दोरा गुंडाळून भागाकार करत बसली होती. उत्तर येई ३.२७. गणित चुकलं नव्हतं. दोरा काठाच्या बाहेरून होता आणि नऊ इंच आतून. ती वैतागली, तशी आई पोळपाट पुसत म्हणाली, "आमच्या वेळी बावीस छेद सात धरायचे. उगाच दशांश चिन्हं कशाला?" नवऱ्याने फोनवर आकडेमोड करून पाहिली. २२/७ खरंच ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ जातो! तिकडे आर्यभटाने ३.१४१६ इतकी बारीक किंमत काढूनही तिला 'आसन्न' म्हटलं, म्हणजे जवळपासची. आईला एवढं पुरलं. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं, आपली तारीख २२/७, म्हणजे २२ जुलै. बहुतेक वर्षी आषाढातच येते. त्या दिवशी आखाड तळायचा. ओव्हन नको, बर्फ नको.

होळीचं पुरण उरलं होतं, त्याचा तिसरा पाय केला. त्याचं तळाचं कवच आधी नुसतं भाजून घ्यावं लागतं आणि ते फुगू नये म्हणून त्यावर कागद पसरून वजन ठेवतात. मी दोन वाट्या राजमा ओतला. (पुरणाचा पाय खाऊन झाल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की पोळीच बरी. पुरण कोरडं पडलं होतं, आणि तुपाची धार सोडायला वरून जागाच नाही.)

दोन वाट्या राजमा वाया जाणं आईला मुळीच पटलेलं नव्हतं. रविवारी सकाळी तो भिजलेला दिसला. दुपारी कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, मग आणखी चार. दाणा काही बोटाने दबेना. ओव्हनमध्ये एकदा भाजला गेलेला राजमा शिजत नाही, हे मी सांगितलं होतं. पण मी तर पीठ मळू नकोस असंही सांगितलं होतं.

तिने तो निथळून उन्हात वाळवला. ती साताऱ्याला परत गेल्यावर फडताळात मागे लोणच्याची जुनी बरणी सापडली, आत सुरकुतलेला राजमा आणि वर तिच्या अक्षरात चिठ्ठी: 'पायाचा आहे. शिजवू नये.'