अक्का, कानात काय ऐकताय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसे हे विचारणारे बरेच आहेत. तरुण संघातली मुलं विचारतात, नुकते सेवेत आलेले पाळक विचारतात, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईसुद्धा विचारतात: अक्का, सारखं कानात काय घालून बसता? ख्रिस्ती पॉडकास्ट ऐकता म्हणे. कुठले ऐकावेत? आणि त्यानं खरंच आत्मिक वाढ होते का, सेवेला उपयोग होतो का?

होतो. पण एकटीनं ऐकून फारसा नाही. कुठले ऐकावेत हे सगळे आधी विचारतात, आणि ऐकून झाल्यावर बोलणार कुणाशी, हे कुणीच विचारत नाही. मला तो दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

तरी यादी आधी उरकते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचायचा नाहीत.

फादर माइक श्मिट्झ यांचा ‘बायबल इन अ इयर’ १ जानेवारी २०२१ ला सुरू झाला. ३६५ भाग, रोज वीस-पंचवीस मिनिटं: वाचन, थोडं निरूपण, प्रार्थना. मी मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट घरातली. हा मला आमच्या बेळगावच्या कॅम्पातल्या एका कॅथलिक मैत्रिणीनं सांगितला. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं, आमच्यात ६६, त्यामुळे मक्काबी वगैरे जादाची पुस्तकं पहिल्यांदाच कानावर पडली. काही बिघडलं नाही. दरवर्षी जानेवारीत उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून हौसेनं सुरुवात करून लेवीय या तिसऱ्या, नियमांच्या पुस्तकापाशी गळणारे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुष्कळ आहेत. त्यांना हा माणूस हाताला धरून पार नेतो.

‘बायबल प्रोजेक्ट’ अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. टिम मॅकी आणि जॉन कॉलिन्स हे दोघं बोलतात. टिम हिब्रूचा जाणकार, आणि जॉन आपल्या वतीनं अडणारा, पुन्हा सांग म्हणणारा. मला टिमपेक्षा जॉनचाच उपयोग जास्त होतो. न्यूयॉर्कचे पाळक टिमोथी केलर २०२३ मध्ये वारले; त्यांचे संदेश, म्हणजे प्रवचनं, ‘गॉस्पेल इन लाइफ’मध्ये मिळतात. ऐकणाऱ्याच्या मनातली शंका त्यानं काढायच्या आधी आपणच कशी मांडावी, हे शिकायला त्यांच्यासारखा दुसरा मला तरी ठाऊक नाही.

मंडळी चालवण्याचे, नेतृत्वाचे पॉडकास्टही असतात. ते मी क्वचित लावते. तिथं पगारी कर्मचारी, बजेट आणि पार्किंगची चर्चा, आणि इथं आमचा खजिनदारच घंटा वाजवतो.

मराठीत बायबलवर धीरानं, समजावून बोलणारे पॉडकास्ट फार थोडे. यूट्यूबवर संदेश भरपूर आहेत, पण तो बहुतेक सभेचा माइकच जसाच्या तसा लावलेला असतो. स्वागत, हार, पाहुण्यांची ओळख, आणि मग कुठे वचन. कन्नड संदेशही मी ऐकते. चिकोडी, अथणीकडच्या मंडळ्यांत गेलं की अर्धं बोलणं कन्नडात होतं, आणि कान तयार नसेल तर नुसतं हसत बसावं लागतं.

जे. व्हर्नन मॅगी यांचं नावही ऐकलं असेल. ते १९८८ मध्ये गेले, तरी त्यांचा ‘थ्रू द बायबल’ आजही चालू आहे, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पाच वर्षांत. तो मुळात रेडिओचा कार्यक्रम, आणि त्यावरून मला आमचं घर आठवतं. हिंदी महासागरातल्या सेशल्स बेटांवरून फेबा रेडिओ हे ख्रिस्ती केंद्र १९७० पासून शॉर्टवेव्हवर कार्यक्रम पाठवायचं. वडील रेडिओ खिडकीत ठेवायचे, कारण खरखर तिथंच जरा कमी व्हायची. खिडकी गल्लीवर. मग शेजारचे दोघं-चौघं कट्ट्यावर येऊन बसायचे, त्यातले सगळे काही ख्रिस्ती नव्हते. कार्यक्रम संपला तरी त्यावरचं बोलणं जेवणापर्यंत चालायचं. कोण काय चुकीचं समजला हे तिथंच कळायचं.

आपल्याकडं वचन ऐकणं हे असं चारचौघांतच झालेलं आहे. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात सुरू झालं, तेव्हा ती माणसं बाजारात उभी राहून बोलायची आणि ऐकणारे तिथल्या तिथं उलट प्रश्न करायचे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक कीर्तनं करायचे. कीर्तनात नुसतं ऐकून सुटका नसते, अभंग आला की सूर लावावाच लागतो. इअरफोन आला आणि हे सगळं गेलं. आता एकाच घरात चौघं चार पाळकांचं ऐकतात आणि जेवताना कुणी कुणाला सांगत नाही.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा आठवा अध्याय काढा. इथियोपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत चाललाय. मोठ्यानं वाचत होता म्हणूनच सुवार्ता सांगत फिरणाऱ्या फिलिप्पाला ऐकू आलं, म्हणूनच त्याला विचारता आलं की वाचताय ते समजतंय का. कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार, असं म्हणून खजिनदारानं त्याला वर शेजारी बसवून घेतलं. त्या माणसाच्या कानात इअरफोन असता तर फिलिप्प रस्त्यानं चालतच राहिला असता.

म्हणून आमचा गुरुवार. दुपारी आम्ही काही बायका वडगावात एकीच्या घरी जमतो. वडगाव, शहापूर, खासबाग हा विणकरांचा भाग. शेजारी माग चालू असले की कानात काही शिरत नाही, त्यामुळे लाईट गेली की आमची सभा रंगते. फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवायचा, आवाज मोठा येतो. आधी कुणीतरी अध्याय मराठीत मोठ्यानं वाचतं. मग आमच्यातलीच एक कॉलेजात जाणारी मुलगी, जिनं तो इंग्रजी भाग आदल्या दिवशी ऐकलेला असतो, थोडं वाजवते, थांबवते आणि सांगते. तिला इंग्रजी येतं आणि बायबल फारसं येत नाही. आजीबायकांचं नेमकं उलटं. त्यामुळे दोन्हीकडून ओढाताण होते, आणि मला तीच हवी असते.

शब्बाथावर, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसावर, बायबल प्रोजेक्टची लांबलचक मालिका आहे. ती चालू होती. मुलगी सांगत होती की सातवा दिवस म्हणजे नुसती सुट्टी नव्हे, देवानं आपल्या सृष्टीत येऊन वस्ती करणं, आणि माणसानं त्याच्यासोबत विसावणं. सगळ्या माना डोलवत होत्या. आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजींना अक्षरओळख नाही, पण दहा आज्ञांचा, निर्गम पुस्तकातला विसावा अध्याय तोंडपाठ आहे. त्यांनी हात वर केला.

‘‘ते परत वाच की गं.’’

वाचलं. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं, तुझ्या वेशीच्या आतला उपरा. यांच्यापैकी कुणी काम करायचं नाही.

‘‘ल्हानपणापासनं म्हणतो मी हे. पण ह्यात बायको कुठं हाय? दासी बसली, बैल बसला. मग भाकरी कुणी थापायची?’’

पुढचा तासभर पॉडकास्ट पातेल्यात तसाच पडून राहिला. एक म्हणाली, ‘तू’मध्ये बायकोही आलीच की. दुसरी म्हणाली, हे आमच्या ह्यांना येऊन सांग. कुणीतरी बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढला. तिथं आज्ञा तीच, पण कारण वेगळं: तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. मग बोलणं नळावर आलं. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं, आणि बऱ्याच गल्ल्यांत ते काही रोज येत नाही. रविवारी सकाळी आलं तर उपासना कुणाची बुडते? घागर घेऊन कोण उभं असतं?

हे सगळं मी आमच्या पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी आजींचा प्रश्न जसाच्या तसा घेऊन त्यावर संदेश दिला. पुरुषांच्या बाकांवर जरा चुळबुळ झाली. तरुण संघातल्या पोरांनी एकट्या राहणाऱ्या बायकांच्या घागरी रविवारी भरायचं अंगावर घेतलं. काही दिवस नेमानं झालं, मग परीक्षा आल्या, आता मनाला येईल तसं चालतं. पण तुम्ही सेवेला काय उपयोग होतो असं विचारलंत, तर तो असा होतो. पोर्टलंडच्या स्टुडिओत बसलेल्या त्या दोघांना आमचा नळ सुचणं शक्य नव्हतं, आणि त्यांनी विषय काढला नसता तर आजींनीही पाठ असलेला अध्याय परत वाचायला लावला नसता.

जे संदेश देण्यासाठी ऐकतात त्यांच्याशी माझं जरा भांडण आहे. मॅनहॅटनमधल्या माणसाची मूर्ती, म्हणजे देवाच्या जागी बसवलेली गोष्ट, ही त्याचं करिअर, हे केलर यांचं म्हणणं तिथं बरोबरच. तोच मुद्दा, तेच तीन भाग, जांबोटीच्या पलीकडच्या वाडीत ऐकवला जातो तेव्हा समोर बसलेले असतात गोव्यात हॉटेलात कामाला गेलेल्या पोरांचे आईबाप. करिअर कुणाचं? इथली मूर्ती शोधायची तर जमिनीच्या वाटणीत, मुलीच्या लग्नाच्या मांडवात, शेजाऱ्याला दाखवण्यासाठी काढलेल्या कर्जात शोधावी लागेल. त्यासाठी त्या घरांत जाऊन चहा प्यावा लागतो, तो काही डाउनलोड होत नाही. पॉडकास्टमधून प्रश्न विचारण्याची रीत घ्यावी, दाखले तिथंच सोडून द्यावेत. आणि विचार दुसऱ्याचा असेल तर व्यासपीठावरून तसं सांगावं की. आजकाल बाकावर बसलेल्या पोरानंही तोच भाग ऐकलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी मुलं हळूच विचारतात. रवी झकारियास यांचं काय? चेन्नईत जन्मलेले, जगभर ऐकले जाणारे वक्ते, कितीतरी ख्रिस्ती घरांत त्यांचा आवाज ओळखीचा. ते २०२० च्या मे महिन्यात गेले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला: अनेक स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन. त्याच वर्षी ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’नं सिॲटलच्या मार्स हिल चर्चवर एक पॉडकास्ट मालिका काढली. १९९६ मध्ये सुरू झालेली मंडळी, पाळक मार्क ड्रिस्कॉल, त्यांचे संदेश जगभर डाउनलोड होणारे, आणि २०१४ मध्ये त्यांच्या राजीनाम्यानंतर सगळं विस्कटलेलं. सेवेत असलेल्या प्रत्येकानं ती मालिका ऐकावी असं मला वाटतं, नेतृत्वाच्या दहा पॉडकास्टांऐवजी.

त्यांच्याकडून शिकलो ते सगळं खोटं का, हा मुलांचा प्रश्न मी सहज झटकत नाही. शिकवण शास्त्राशी ताडून पाहता येते. बायबलातल्या बिरुया गावच्या लोकांनी तर प्रेषित पौलालाही सोडलं नव्हतं, रोज शास्त्र उघडून पाहायचे. माणूस मात्र कानातून ताडता येत नाही. आमच्या पाळकसाहेबांचा संदेश कधी लांबतो, कधी विस्कटतो, पण ते घरात कसे वागतात, कुणाचे उसने घेतले आणि कधी फेडले, हे अख्ख्या गल्लीला माहीत असतं. त्यामुळे कुणी मला म्हणालं की अमक्या पॉडकास्टमुळं आता मंडळीत जायची गरज वाटत नाही, तर मी त्याला आधी तो बंद करायला सांगते.

आता व्यवहाराचं. खानापूरच्या पुढं जंगलात शिरलं की नेटवर्क जातं, कणकुंबीकडं पावसाळ्यात तर विचारूच नका. घरून निघतानाच डाउनलोड करून ठेवा. साध्या दर्जाचा अर्ध्या तासाचा भाग १५ एमबीच्या आसपास बसतो, व्हिडिओच्या मानानं काहीच नाही. दीडपट वेगानं ऐकायची मुलांना सवय आहे. माहितीचं असेल तर ऐका, पण प्रार्थनाही दीडपटीनं संपवणाऱ्या पोराला मी काय बोलणार! वाचता न येणाऱ्यांसाठी ‘बायबल डॉट इज’ ॲपवर नवा करार मराठीत ऐकायला मिळतो. आमच्या आजींच्या नातवानं तो त्यांच्या फोनमध्ये घालून दिलाय आणि त्या आता वाचणाऱ्यांच्या चुका काढतात. स्वयंपाक करताना ऐकायला माझी हरकत नाही, रस्ता ओलांडताना आहे. आणि भाग संपल्यावर लगेच पुढचा लागतो ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका, निदान एखादं वाक्य डोक्यात राहायला जागा मिळू दे.

सुरुवात कुठून करू म्हणाल तर बायबल प्रोजेक्टची शब्बाथाची मालिका घ्या, आणि ऐकायला कुणीतरी शोधा: सासू, जाऊ, होस्टेलची मैत्रीण, कुणीही. पटलं नाही तर तिथल्या तिथं म्हणणारं माणूस असलं म्हणजे झालं. बेळगावात असाल तर गुरुवारी आमच्याकडंच या. सध्या रूथचं पुस्तक चाललंय आणि नामीनं सुनेला, म्हणजे रूथला, रात्री बवाजाच्या खळ्यावर पाठवलं ते बरोबर केलं का, यावर दोन तट पडलेत.