‘आई, झालीऽऽ’ ऐकू येईपर्यंतचं दीड वर्ष

हॉलच्या पडद्यामागे माझी लेक उभी आहे. पडद्याखालून फक्त तिची पावलं दिसतात, आणि टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत. पोटऱ्या ताणलेल्या, पडद्याचं टोक मुठीत घट्ट धरलेलं, चेहरा लालबुंद. मी म्हणतेय, "हं, कर बाळा, लाव जोर." आणि ती मान हलवत रडतेय, "नको, नको, नको."

२०२३च्या फेब्रुवारीपासून आमच्या घरात दर दोन-तीन दिवसांनी हे चालायचं. ती तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. डायपर सोडवायची घाई मीच केली होती, कारण जूनमध्ये नर्सरी सुरू होणार होती आणि तिथे डायपर चालणार नाही असं सांगितलं होतं. नेमका त्याच आठवड्यात तिला ताप येऊन गेला, पाणी कमी प्यायलं गेलं, खडा धरला आणि शी करताना दुखलं. थोडं रक्त दिसलं. मी घाबरले, आणि माझा घाबरलेला चेहरा तिने पाहिला. तेवढं पुरलं. त्यानंतर शी म्हटलं की ती पळून पडद्यामागे जायची.

मुलाचं वजन, दात, बोलणं यावर आपण कुणाशीही बोलतो. ‘माझ्या मुलीला चार दिवस शी झालेली नाही’ हे कुणाला सांगायचं? ऑफिसात नाही, सोसायटीत तर नाहीच. मी ते अकरा जणींना सांगितलं, ज्यांतल्या नऊ जणींना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप २०२०च्या मार्चमधला. गरोदरपणातल्या व्यायामाचा क्लास लॉकडाऊनमुळे बंद पडला आणि मोबाइलवर सुरू झाला. क्लास संपला, आम्ही राहिलो. सगळ्यांची बाळं एप्रिल ते जूनमधली. माझं माहेर कराड, मी चिंचवडला. एरवी सातव्या महिन्यातच माहेरी गेले असते, पण जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागायचा आणि आईला दमा, त्यामुळे तिला बोलवायची हिंमतही होत नव्हती. बाळंतिणीला जे जे कुणीतरी सांगायचं असतं, ते मला इचलकरंजी, चंद्रपूर, इंदूर आणि मस्कतहून सांगितलं गेलं. आम्ही एकमेकींना अजूनही गावाच्या नावानेच ओळखतो. मस्कतवाली आमच्यापेक्षा दीड तास मागे असते, म्हणून रात्री साडेबाराला रडणाऱ्या बाळाची आई आधी तिलाच हाक मारायची.

जुलैमध्ये नर्सरीतून दोनदा फोन आला. चड्डी खराब झाली होती, पातळ होतं. बाईंनी डायरीत लिहिलं, ‘जुलाब होत आहेत, बरे वाटेपर्यंत पाठवू नये.’ मी दहीभात, साबुदाण्याची खीर, केळं आणि ओआरएस सुरू केलं. दोन दिवसांनी चड्डीत पुन्हा तेच, आणि तिला कळतही नव्हतं. मी तिला ओरडले. "मोठी झालीस ना तू? सांगता येत नाही?" ती नुसती बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं.

रात्री मी ग्रुपवर लिहिलं: जुलाब थांबत नाहीयेत, कुणाचा अनुभव? पाच-सहा उपाय आले. आणि इचलकरंजीवालीचा फोनच आला. तिचा मोठा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता.

"एक सांग मला. पडद्यामागं उभी राहते म्हणतीस ना, तेव्हा पाय फाकवते का आवळून घेते?"

"आवळून."

"टाचा वर?"

"हो."

"मग ती जोर लावत न्हाई गं. ती धरून ठेवतीया. आणि हे जुलाब न्हाईत. आत गच्च साठलंय, त्याच्या कडेनं पातळ झिरपतंय. उद्या डॉक्टरांकडं जा. घरी काय करत बसू नको."

पाच महिने मी तिला ‘लाव जोर’ म्हणत होते आणि ती सगळी ताकद उलट्या बाजूने लावत होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला आडवं करून पोट दाबून पाहिलं. मग माझा हात धरून तिच्या पोटाच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला ठेवला. आत मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी घट्ट लागलं. "हे किती दिवसांचं असेल सांगता येत नाही," ते म्हणाले. मूल दुखायच्या भीतीने शी धरतं. धरलेल्या शीमधलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं, की आणखी धरून ठेवतं. आतडं ताणून ताणून इतकं सैल होतं की भरल्याची जाणीवच राहत नाही. मग जे पातळ बाहेर येतं ते मुलाला कळत नाही, त्याच्या हातात नसतं. मला रात्रीचं माझं ओरडणं आठवलं आणि तिथे खुर्चीत बसवेना.

त्यांनी बरेच प्रश्न विचारले. वजन वाढतंय का, उलट्या होतात का, आणि जन्मल्यावर पहिली काळी शी किती तासांत झाली होती? ती ४८ तासांच्या आत झाली नसेल तर आतड्याचा जन्मजात दोष बघावा लागतो. मला काही आठवेना. तीन वर्षं झाली होती, आणि ते दिवस धुक्यातल्यासारखे गेलेले. मी तिथूनच ग्रुपवर विचारलं. चंद्रपूरवालीने जुने मेसेज शोधून दोन मिनिटांत माझाच मेसेज पाठवला, प्रसूतीनंतरच्या पहिल्या पहाटेचा: ‘काळीकुट्ट शी झाली आहे, डांबरासारखी. नॉर्मल आहे ना गं?’ त्याखाली चार जणींचं ‘हो हो, नॉर्मल’. मी मोबाइल डॉक्टरांपुढे धरला.

औषध म्हणजे पाण्यात विरघळणारी पावडर, पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ ठेवते. पहिले काही दिवस जास्त मात्रेने साठलेलं बाहेर काढायचं, मग कमी मात्रेने रोज, काही महिने. मात्रा मी इथे लिहीत नाही, ती वजनावर ठरते आणि डॉक्टरांनीच ठरवायची. ‘आधी अडकलेलं बाहेर, मग चोथ्याचं खाणं’ हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी नुसता पेरू आणि पालक भरवत होते, म्हणजे जाम झालेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडत होते.

पहिला शनिवार-रविवार फार कठीण गेला. ती कळ आली की किंचाळायची, माझ्या गळ्याला मिठी मारून ‘आई थांबव’ म्हणायची. नवऱ्याची चाकणला रात्रपाळी होती. मी बाथरूमच्या फरशीवर तिला मांडीत घेऊन बसले होते आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मस्कतवाली तिकडे जागी होती. ती फारसं काही बोलत नव्हती. दर थोड्या वेळाने ‘आहे मी’ एवढंच लिहायची. पावणेदोनला झाली. एवढ्याशा पोटात एवढं होतं हे बघून मला रडू फुटलं. लेक मात्र पाच मिनिटांत झोपली, गेल्या कित्येक महिन्यांत झोपली नव्हती अशी, हातपाय पसरून.

मग सुरू झाला रोजचा भाग, आणि तोच खरा लांबलचक. दूध मोजलं तर दिवसाला आठशे मिली निघालं. चार बाटल्या. ‘जेवत नाही, निदान दूध तरी’ म्हणून मीच द्यायचे, आणि दुधाने पोट भरलं म्हणून ती जेवत नव्हती. ते चारशेवर आणायला तीन आठवडे लागले. इंदूरवालीने सुचवलं, बाटली बंद करून स्टीलचा छोटा पेला दे, आपोआप कमी होतं. झालं तसंच. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, मटकीची उसळ, ज्वारीच्या भाकरीचा तुपातला काला असं हळूहळू तिच्या ताटात आलं.

सासूबाई वाईजवळच्या गावाहून आल्या तेव्हा येताना विड्याची पानं घेऊन आल्या. पानाच्या देठाला एरंडेल लावून आत सरकवायचं, हा त्यांच्या हातचा उपाय. त्यांची तीन मुलं त्यावर वाढली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खालून काहीही करायचं नाही, देठ नाही, साबणाची कांडी नाही, कारण हिची सगळी भीती तिथेच आहे. मी त्यांना तसं सांगितलं. त्या गप्प झाल्या. मला वाटलं दुखावल्या. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी लेकीला कमोडवर बसवलं, कारण जेवणानंतर आतडं आपसूक हलतं, तीच वेळ साधायची असते. पाच-दहा मिनिटं, रागावणं नाही, मोबाइल नाही. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अगं, पाय लोंबतायत की तिचे," त्या म्हणाल्या. "अशी कशी होणार? आम्ही पोरांना दोन पायांवर बसवत होतो. गुडघे पोटाशी यायला पाहिजेत."

त्या आत गेल्या आणि देवघरासमोरचा त्यांचा बसायचा पाट आणून कमोडपुढे ठेवला. पाय टेकले, गुडघे वर आले. डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेली आकृती हीच होती, स्टूल आणायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. तो पाट मग वर्षभर बाथरूममध्येच राहिला आणि देवघरासमोर सासूबाई चादरीची घडी करून बसल्या.

ग्रुपवर रोज रात्री आठला मी रिपोर्ट टाकायचे. मस्कतवालीने ब्रिस्टल तक्ता पाठवला होता, शीचे सात प्रकार दाखवणारा, डॉक्टरही तोच वापरतात. १ म्हणजे शेळीच्या लेंड्या, ४ म्हणजे पिकल्या केळ्यासारखी, ७ म्हणजे नुसतं पाणी. मी फक्त आकडा लिहायचे. ‘आज ५.’ ‘आज काही नाही.’ ‘आज ४, पण रडली.’ अकरा जणींपैकी कुणी ना कुणी रोज उत्तर द्यायचं. काही नसलं तर नुसता अंगठा. त्या अंगठ्याची मी वाट बघायचे.

ऑक्टोबरमध्ये मी चूक केली. अडीच महिने छान चाललं होतं. घरात सगळे म्हणायला लागले, औषधाची सवय लागेल, आतडं आळशी होईल. मला स्वतःलाही ते डब्यातून पावडर मोजणं नकोसं झालं होतं. डॉक्टरांना न विचारता मी औषध बंद केलं. मग दिवाळी आली, कराडला गेलो, चकल्या-शंकरपाळ्या, खेळण्याच्या नादात पाणी नाही, अनोळखी संडास. भाऊबीजेपर्यंत पाच दिवस झाले होते. मामाच्या अंगणात, तुळशी वृंदावनामागे, ती पुन्हा टाचा उचलून उभी होती.

चार दिवस मी ग्रुपवर आकडा टाकला नाही. लाज वाटत होती. एवढ्या जणींनी एवढं केलं आणि मी घालवलं, असं. पाचव्या दिवशी रात्री चंद्रपूरवालीने मला एकटीला मेसेज केला. ‘आकडा नाही. बंद केलंस ना औषध?’ मी हो म्हटलं. बराच वेळ ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मग आलं:

‘आमच्याकडे पण आहे हे. दोन वर्षांपासून. त्याच्या चड्ड्या मी सासूपासून लपवून धुते. तू रोज आकडा टाकायचीस, मी वाचायची, अन् तुझ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते घरी करायची. मी डॉक्टरकडे गेलीच नाही.’

रोज पहिला अंगठा तिचाच असायचा.

तिला मी फोन केला. आम्ही दोघी खूप रडलो, आणि मग ठरवलं. त्या आठवड्यात ती मुलाला घेऊन नागपूरला लहान मुलांच्या पोटाच्या तज्ज्ञांकडे गेली आणि मी लेकीला घेऊन परत आमच्या डॉक्टरांकडे. ते रागावले नाहीत. म्हणाले, बरेच पालक इथेच थांबवतात, म्हणून बऱ्याच मुलांना परत होतं. या पावडरने आतडं आळशी होत नाही. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला आणि मुलाची भीती जायला वेळ लागतो, तेवढा वेळ औषध आधार देतं. कमी करायचं तेही टप्प्याटप्प्याने, आणि आधी निदान महिनाभर सगळं सुरळीत गेलेलं हवं. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

चंद्रपूरवालीने ग्रुपवर स्वतःहून सांगितलं. तिच्यानंतर आणखी एकीने लिहिलं, आमच्याकडेही. बारा घरांपैकी चार घरांत हे होतं किंवा होऊन गेलं होतं, आणि तीन वर्षं आम्ही एकमेकींना लसीपासून लंगोटापर्यंत सगळं सांगत होतो.

२०२४च्या मार्चपासून मात्रा कमी करत आणली, जूनअखेर बंद झाली. मला वाटत होतं की शेवटचा दिवस लक्षात राहील, पण तो असाच गेला. लक्षात राहिला तो जुलैमधला एक रविवार. बाहेर धो धो पाऊस, मी कांदाभजीचं पीठ भिजवत होते, आणि लेक कुठे दिसेना. मी सवयीने आधी पडदा बाजूला केला. तिथे नव्हती. एवढ्यात बाथरूममधून आवाज आला, प्रत्येक घरात येतो तसा, पण आमच्या घरात कधी आला नव्हता:

"आईऽऽ, झालीऽऽ!"

मी पिठाच्या हातांनी धावले. ती पाटावर पाय टेकवून बसली होती, एकटी, दार उघडं ठेवून, आणि गुडघ्यावर बोटांनी काहीतरी वाजवत होती. "हात धुऊन ये ना आधी," ती म्हणाली.

हात धुतले, तिला धुतलं, आणि मग मोबाइल घेतला. ‘४. एकटीने.’ पहिला अंगठा चंद्रपूरहून आला. पाठोपाठ तिचा आकडाही: ‘आमचा ३. आज रडला नाही.’