"२.३ लाख" परत आकड्यात आणताना

मोठा आकडा लाख-कोटीत दाखवणारं फंक्शन कोणीही पाच मिनिटांत लिहितं, कोटीच्या वर असेल तर कोटीने भागा, नाहीतर लाखाने भागा, दोन दशांश ठेवा, पुढे शब्द चिकटवा, झालं. पण एवढ्याशा कोडलाही टेस्ट लिहा असं मी टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते, कारण यातली सगळी गडबड काठावरच्या आकड्यांवर होते आणि डेमोत तिथले आकडे कधीच येत नाहीत.

उदाहरणार्थ ९९,९९,६०० घ्या. कोटीपेक्षा कमी, म्हणून कोड लाखाच्या इफमध्ये (अटीत) शिरतो, भागाकार येतो ९९.९९६, तो दोन दशांशांना राउंड झाला की स्क्रीनवर "१००.०० लाख". शंभर लाख कोण म्हणतं आपल्याकडे, एक कोटी म्हणतात ना! म्हणजे युनिट ठरवलं राउंड करायच्या आधी, आणि राउंड केल्यावर आकडा त्या युनिटमधून बाहेर पडला. आधी राउंड करा, मग युनिट ठरवा, किंवा राउंड झाल्यावर शंभर झाले का ते परत तपासा.

हे फक्त लाख-कोटीचं नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा सगळ्यात जास्त कॉपी झालेला जावाचा कोड म्हणून जो प्रसिद्ध आहे तो नेमका बाइट्सचं केबी-एमबी करणारा आहे, आणि ज्याने तो लिहिला त्यानेच नंतर सांगितलं की त्यात बग आहे. ९,९९,९९९ बाइट्स दिले की "१.० एमबी" यायला हवं तिथे "१०००.० केबी" येतं. तोच काठ, तीच चूक, आणि तोपर्यंत तो कोड हजारो प्रोजेक्ट्समध्ये जाऊन बसलेला.

आता उलटी दिशा, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून आकडा काढणं, जी मला जास्त महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. युजर फॉर्ममध्ये १,००,००० टाइप करतो. मजकुराचा आकडा करणारं जावास्क्रिप्टचं पार्सइंट पहिल्या स्वल्पविरामाला थांबतं आणि तुम्हाला १ देतं, एरर नाही, वॉर्निंग नाही, लाखाचा एक रुपया झाला तरी कोड आरामात पुढे जातो. पायथनचं तेच काम करणारं इंट त्याच स्ट्रिंगला (मजकुराला) सरळ एरर देतं, आणि मला ते कितीतरी बरं वाटतं, निदान कळतं तरी. देवनागरी अंकांचंही असंच वेगवेगळं, "१२३४" पायथनला नीट समजतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही", असं देतं. म्हणून पार्स करायच्या (मजकुरातून आकडा काढायच्या) आधी स्वल्पविराम आणि स्पेस काढा, देवनागरी अंक साध्या अंकांत बदला, आणि जे उरलं ते पूर्णपणे आकडाच आहे ना हे बघूनच पुढे जा.

बरं, कोणी "२.३ लाख" लिहिलं तर? २.३ गुणिले १,००,००० करा फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, उत्तर येतं २२९९९९.९९९९९९९९९९७, आणि त्यावर इंट लावला की दशांश कापला जाऊन २,२९,९९९. एक रुपया गेला. पैशाच्या हिशोबात हा एक रुपया शोधायला पूर्ण दिवस जातो, कारण २.४ लाखाला असं काही होतच नाही. दशांश आकडे जसेच्या तसे साठवणारा डेसिमल टाइप वापरा, नाहीतर स्ट्रिंगमधला दशांश बिंदू पाच घरं उजवीकडे सरकवा, फ्लोटला मध्ये येऊच देऊ नका.

फाइल साइझमध्ये तर एकच अक्षर दोन आकडे सांगतं. लिनक्सच्या डीडी या डेटा कॉपी करणाऱ्या कमांडमध्ये १ एम म्हणजे १०,४८,५७६ आणि १ एमबी म्हणजे १०,००,०००. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती याच १००० आणि १०२४ च्या फरकामुळे, दुकानदाराने फसवलेलं नसतं. आणि कुबरनेटीसमध्ये (सर्व्हरवर अॅप्स चालवणारी प्रणाली) मेमरीला छोटा एम (m) लावला तर तो मिली, म्हणजे हजारावा भाग, असतो, ४००एम म्हणजे ०.४ बाइट!

फॉरमॅटिंगसाठी स्वतःचं फंक्शन लिहायची गरज बहुतेक वेळा नसतेच, ब्राउझरमधल्या इंटल या तयार सोयीला एमआर-आयएन लोकेल (मराठी, भारत) दिलं की ती १२,३४,५६७ असे स्वल्पविराम बरोबर जागी देतं. परत वाचायचं काम मात्र ती करत नाही. म्हणून टेबलमध्ये "१.२ कोटी" दाखवायचं असेल तर त्या सेलच्या डेटा अॅट्रिब्यूटमध्ये (स्क्रीनवर न दिसणाऱ्या नोंदीत) मूळ पूर्ण आकडा ठेवा आणि सॉर्टिंग, बेरीज, एक्सपोर्ट सगळं त्यावरूनच करा, नाहीतर तुलना नुसत्या अक्षरांची होते आणि "९.८ लाख" हे "१.२ कोटी"पेक्षा मोठं ठरतं.